चार बोटांची जाळी

बिराप्पाला मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा तो एका मेलेल्या माशाचे दात मोजत होता.

गावतळ्याच्या भरावावर उकिडवा बसला होता. डोक्याला विटका लाल पटका, खांद्यावर घोंगडी, आणि मांडीवर हातभर लांबीची काळसर मरळ. एका अंगठ्यानं जबडा उघडा धरून तो आत बोट फिरवत होता. त्याची बायको रंगुबाई कमरेवर हात ठेवून मागे उभी होती.

"सगळेच दात बारीक," तो स्वतःशी पुटपुटला. "दोनदाती म्हणावं का जुळलेली, कळायला मार्गच न्हाई."

"आता मासळीला बी बाजारात न्यायची हाय का दात दावून?" रंगुबाई म्हणाली.

मेंढीचं वय दातांवरून कळतं. पुढचे दोन दात आले की दोनदाती, मग चारदाती, मग सगळे आले की जुळलेली, आणि दात झिजून पडायला लागले की म्हातारी. बिराप्पा साठ वर्षं मेंढरांत वाढला. समोर प्राणी आला की आधी त्याचं तोंड उघडायचं, हीच त्याला विद्या ठाऊक. ती तो माशावर वापरून बघत होता, आणि ती लागू पडत नाही याचं त्याला दुःख नव्हतं. नवल वाटत होतं. नवल वाटलेला माणूस मला रंगमंचावर आणि बाहेर सारखाच आवडतो. मी तिथंच खाली बसले.

मी सांगलीची. उमेदीची सगळी वर्षं संगीत नाटकांत गेली; आता गुडघ्यांनी रजा घेतली आहे. माझी भाची ज्ञानदा, माझ्या भावाची मुलगी, सांगलीत कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवते आणि नद्यांतल्या, तळ्यांतल्या माशांचा अभ्यास करते. आमच्या लहानपणी कृष्णेची वाम आणि मरळ टोपलीत घालून दारावर यायची. आता बाजारात पाळलेला कटला, रोहू आणि जिकडेतिकडे चिलापी. नदीचा मासा मागितला की विकणारी बाई माझ्याकडे बघून हसते. ज्ञानदाचा प्रश्न त्यातूनच निघालेला: ज्याचं बी कुणी सोडलं नाही, ज्याला कुणी खाऊ घातलं नाही, असा आपोआप वाढणारा मासा किती खाल्ला तर पुढच्या वर्षीही ताटात येईल? त्यासाठी ती गावोगाव हिंडते, आणि कधीकधी छत्री धरायला मला बरोबर नेते.

ही वाडी आटपाडीच्या पुढे, सातआठ किलोमीटरवर. नाव लिहीत नाही, कारण बिराप्पानं तशी अट घातली आहे. "नाव छापून आलं की पुण्यापातूर लोक गळ घिऊन येत्याली," असं त्याचं म्हणणं.

या भागात मी पूर्वी आले होते. खरसुंडीच्या यात्रेत आमच्या कंपनीचे प्रयोग असत. पाचवा अंक संपला की आम्हा सहा बायकांना तोंडाचा रंग उतरवायला मिळून अर्धी बादली पाणी मिळायचं. पहिली राणी गोरी व्हायची, सहावीच्या वाटणीला नुसता शेंदरी चिखल. त्या मुलखात मी एके दिवशी मासा बघायला येईन असं तेव्हा कुणी सांगितलं असतं तर प्रहसनातलं वाक्य म्हणून हसले असते.

बिराप्पाचं आयुष्यही तसंच कोरडं. दसरा झाला की घोडी, कोंबड्या, बायकापोरं आणि दोनशे मेंढरं घेऊन वाडा निघायचा. कृष्णाकाठच्या शेतांत बसत, खताच्या बदल्यात धान्य घेत, पावसाच्या तोंडावर परतायचा. दोन मुलं झाली. थोरला साईराज सोनंचांदी गाळायच्या, गलाईच्या कामाला तमिळ मुलखात गेला, धाकटा डाळिंबात रमला. कळप घटत घटत बारा मेंढरांवर आला. त्याच सुमाराला कृष्णेचं पाणी डोंगर चढून, कालव्यानं या वाडीपर्यंत पोचलं. दुष्काळी कामावर बांधलेलं गावतळं, ज्यात पोरं क्रिकेट खेळायची, ते भरलं आणि भरलेलंच राहिलं.

त्या पाण्याबरोबर मासळी आली. कुणी सोडली नव्हती. पंपातून अंडी आली की कालव्यातून पिल्लं, कुणालाच ठाऊक नाही.

"पयल्यांदा कवा दिसली?" मी त्याला विचारलं. त्याच्याशी बोलताना माझीही भाषा आपोआप वळते. नाटकवाल्यांची ही खोड.

"आखाडात. मेंढरं पाण्यावर आणली हुती. बगतो तर पाण्यावर शेंदूर सांडलेला. परातीएवढा ठिपका. मला वाटलं, बिरुबाच्या पुजाऱ्यानं काय तरी धुतलं आसंल. मग त्यो ठिपका हालला, आन सरकत माज्याकडं आला."

तो ठिपका म्हणजे मरळीची पिल्लं होती, हजारो, शेंदरी रंगाची, एकमेकांना चिकटून पोहणारी. बिराप्पानं त्यात काठी घातली. खालून एक काळा जबडा आला आणि काठीचं टोक धरलं.

"काठी सोडंना. मग उमगलं. ह्यो मेंढका हाय, आन ही त्याची कोकरं."

मेंढका म्हणजे मेंढरं राखणारा. आपण जे जन्मभर केलं तेच पाण्याखाली कुणीतरी करतंय, हे बघून तो हरखला. अकरा दिवस काठावर बसून राहिला. मरळ वर येऊन तोंडानं हवा घेते, तिच्यामागून पिल्लंही वर येऊन हवा घेतात आणि त्या वेळी पाणी उकळल्यासारखं दिसतं. खंड्या पक्षी झेपावला की मोठी मरळ पाण्यावर शेपूट आपटते. बाराव्या दिवशी पिल्लांचा शेंदरी रंग उडतो आणि ती आपापली निघून जातात. हे सगळं त्यानं कुणाच्या सांगण्यावाचून पाहिलं. रंगुबाई भाकरी घेऊन यायची आणि विचारायची, "मासळीचं बाळंतपण उरकलं का?"

वाडीनं मग मासे धरायला सुरुवात केली. बिराप्पानं ग्रामसभेत उभं राहून सांगितलं की तळं मी राखतो, तुम्ही माझं ऐका. त्याचे नियम सोपे होते. जेठापासून दसऱ्यापर्यंत एकही मासा धरायचा नाही. पुढे दर बुधवारी जाळं लागेल. वाडीत अडतीस घरं, त्यातल्या दहा घरांना एकेक मासा, पुढच्या बुधवारी दुसऱ्या दहांना. विकायचा नाही, खायचा. आणि लहान मासा मारायचाच नाही.

लहान मासा सुटावा म्हणून त्यानं स्वतःचं जाळं केलं. धनगर रानात उतरला की मेंढरांभोवती सुतळीची जाळी उभी करतो. तिला वाघर म्हणतात, आतल्या जागेला वाडगं. घरात दोन वाघरी पडून होत्या. त्यांच्या गाठी सोडून त्यानं नव्यानं जाळं विणलं. जाळ्याचं एकेक घर चार बोटांचं. "चार बोटांतनं गेलं त्ये कोकरू, आडकलं त्ये मेंढरू," असा त्याचा हिशोब.

वाडी खूश होती. ज्या घरात महिन्याला एकदा मटण शिजायचं तिथं आता मधे मरळीचं कालवण यायला लागलं. बाळंतिणीला, आजाऱ्याला पाळीबाहेरही मासा मिळायचा. वृत्तपत्रात काही आलं नाही, कुणी सत्कार केला नाही. पण ज्ञानदाच्या कानावर गेलं, आणि तिनं फोनवर विचारलं की अभ्यासाला दोन मासे मिळतील का, एक लहान आणि एक मोठा. बंदीच्या दिवसांत ते दोन मासे गळानं धरताना बिराप्पाला कोण जड गेलं होतं. मी पाहिली ती मरळ त्यातलीच थोरली.

"पोरी, दोन देतो," तो ज्ञानदाला म्हणाला, "पर माजं येक कोडं हाय. त्ये सोडीव."

कोडं असं. राखण सुरू झाल्यानंतरच्या पहिल्या आषाढात तळ्यावर शेंदरी ठिपके नऊ दिसले. दुसऱ्या वर्षी सहा. आता तिसऱ्या वर्षी आषाढ निम्मा सरला होता आणि ठिपके फक्त दोन.

"कोकरू मारलं न्हाई. इणीच्या दिसांत जाळं टाकलं न्हाई. पाणी हाय. मग मासळी जाती कुटं?"

कोड्याला मुदतही होती. पंधरा ऑगस्टच्या ग्रामसभेत तळं ठेक्यानं द्यायचा विषय यायचा होता. ठेकेदार तळं उपसून आहे ती मासळी काढणार, विकतची बोटुकली, म्हणजे बोटाएवढी पिल्लं, सोडणार, खाद्य घालणार आणि तयार मासा टेम्पोनं शहराकडे नेणार. सरपंच आकाराम, म्हणजे बिराप्पाचा चुलतभाऊ, त्या बाजूचा होता. आकाराम वाईट माणूस नव्हे. ठेक्याच्या पैशात शाळेला पाण्याची टाकी होईल, एवढंच त्याचं गणित. आम्ही बसलो होतो तिथं तोही आला, मोटारसायकल उभी करून.

"पाव्हण्यांना मोजून दावलं का?" त्यानं विचारलं. "नऊचं सा, साचं दोन. म्होरल्या साली किती, मास्तरीणबाई?"

"म्होरल्या साली तुजी जीभ मोजू," बिराप्पा म्हणाला.

"आरं गड्या, तुजी मेंढरं पाण्यात गेली आन डोस्कं माळावरच ऱ्हायलं. ठेकेदार निदान शिकल्याला तरी हाय."

तो गेल्यावर बिराप्पा खालच्या आवाजात म्हणाला, "त्याचं बी खोटं न्हाई. दोनाचं शून्य झाल्यावर मी कुणाच्या तोंडाकडं बगू? त्यापरास ठेका बरा. पर का, त्ये कळाय पायजे."

ज्ञानदानं काम सुरू केलं. दोन्ही माशांची लांबी, वजन लिहून घेतलं. मग मोठ्या मरळीच्या अंगावरचा एक खवला चिमट्यानं काढला, पुसला, आणि भिंगाखाली धरला. "बघा काका," ती म्हणाली. "दातांत नाही, इथं लिहिलंय."

बिराप्पानं एक डोळा मिटून भिंगाला दुसरा लावला. बराच वेळ हालला नाही.

"बाभळीच्या बुंध्यागत कडी दिसत्यात."

"दर वर्षाची एक दाट कड असते. मोजा."

त्यानं मोजली, पुन्हा मोजली. पाच. म्हणजे पाणी आलं तेव्हाच्या पहिल्या पिल्लांतली, किंवा कालव्यातून आलेली. लहान मरळीच्या खवल्यावर दोन. त्यानं भिंग रंगुबाईला दिलं, रंगुबाईनं मला दिलं. मी आयुष्यभर चेहऱ्यावर पावडर लावून वय झाकलं आणि या बिचाऱ्या माशानं ते अंगभर छापून घेतलं होतं.

मग ज्ञानदानं दोन्हींची पोटं चिरली. दोन्ही माद्या निघाल्या, दोन्हींत अंडी भरलेली. नशीबच म्हणायचं. तिनं प्रत्येकीच्या अंड्यांतला चिमूटभर भाग तोलला, त्यातली अंडी सुईनं बाजूला करत मोजली, आणि त्यावरून सगळ्यांचा अंदाज काढला. हे करता करता जेवणवेळ झाली. बिराप्पा जागचा उठला नाही. मेंढरं धाकट्याची बायको घेऊन गेली.

"लहानीच्या पोटात चार हजारांच्या आसपास," ज्ञानदा म्हणाली. "मोठीच्या वीस हजारांच्या वर."

"पाचपट?"

"पाचपट. शिवाय मोठीची अंडी टपोरी असतात असं दिसतंय; आणि पिल्लांची राखण करायला मोठीची ताकदही जास्त."

बिराप्पा हसला. त्याला ते खोटं वाटलं. "आगं पोरी, म्हातारी मेंढी येक कोकरू दिती, त्ये बी मरतुकडं. दात पडले की ती इकायची, तरणी राखायची. आमच्या आज्यापास्नं ह्योच कायदा."

"मेंढीचा कायदा बरोबर आहे. माशाचा उलटा आहे. मासा मरेपर्यंत वाढत राहतो, आणि जितका वाढतो तितकी अंडी जास्त देतो."

बिराप्पाचं हसू हळूहळू उतरलं. मी पुष्कळ नट पाहिले आहेत. चेहऱ्यावरून एवढी मोठी गोष्ट इतकी सावकाश उतरताना क्वचित पाहिली. त्यानं आपला हात समोर धरला, चार बोटं जुळवली आणि त्यांच्याकडे बघत राहिला.

"माज्या जाळ्यात कोण आडकतं?" त्यानं विचारलं.

ज्ञानदानं सुई खाली ठेवली.

"थोरल्या आडकत्यात," त्यानंच उत्तर दिलं. "बारकी चार बोटांतनं निसटत्यात. दर बुधवारी धा थोरल्या. म्हंजी मी वाडग्यातल्या सगळ्या लेकुरवाळ्या इकल्या, आन कोकरं राखत बसलो."

"काका, हे एक कारण असेल," ज्ञानदा घाईनं म्हणाली. "दुसरीही असतील. तीन वर्षांवरून मी छातीठोक सांगणार नाही."

"तू सांगू नगंस. मला दिसतंय."

रंगुबाईनं त्या दोन्ही मरळी धुऊन नेल्या आणि लसूण, काळं तिखट घालून कालवण केलं. दोन जीव वाया जायला नकोत, म्हणाली. आम्ही सगळे जेवलो. बिराप्पानं भाकरी आणि कांदा खाल्ला, पण थोरली मरळ चुलीकडे जायच्या आधी त्यानं एक काम केलं होतं. निरगुडीची ओली फांदी वाकवून कडं बांधलं, त्यातून आधी धाकटी मरळ ओवली, ती गेली. थोरली डोक्याशीच अडकली. कडं थोडं आवळलं, परत धाकटी ओवून पाहिली. मग ते कडं त्यानं पटक्यात खोचलं.

"काय करताय?" मी विचारलं.

"दार करतोय," तो म्हणाला.

जेवण झाल्यावर त्यानं भरावावरच्या मातीत काठीनं रेघा ओढून समजावलं. जाळं टाकून ओढायचंच नाही. उथळ पाण्यात बांबू रोवून त्याभोवती वाघर लावायची. रानात मेंढरांचं वाडगं करतो तसं गोल. आत बेडूक, गांडुळं. आणि आत यायला एकच दार, या कड्याएवढं, आतल्या बाजूला काटक्यांचा पंजा, म्हणजे आत शिरलेली परत फिरू शकत नाही. बारीक मासा चार बोटांतून आत येईल, खाईल, बाहेर जाईल. थोरलीचं डोकं दारातच बसणार नाही, ती बाहेरच राहील. आत अडकेल ती मधली.

ज्ञानदानं वही मिटली. "काका, हे तुम्हाला कुणी सांगितलं?"

"सांगायचं काय त्यात. वाडग्याचं दार रुंद ठेवलं तर लांडगा आत येतो. आरुंद ठेवलं तर येत न्हाई. हितं लांडगा मीच हाय."

आम्ही निघताना तो माझ्यापाशी आला. "बाई, तुमी हजार लोकाम्होरं बोलायच्या. मला ग्रामसभेत बोलायचं हाय, आन आवाज कापतो. काय करावं?"

मी त्याला तेच सांगितलं जे मला माझ्या तालीममास्तरांनी सांगितलं होतं. जे वाक्य घशात अडकेल असं वाटतं, तेच पहिलं बोलायचं. ते गेलं की बाकीची वाट मोकळी असते.

पंधरा ऑगस्टला आम्ही मुद्दाम गेलो. शाळेच्या पटांगणात झेंडा झाला, पोरांना गोळ्या वाटल्या, आणि सभा बसली. आकारामनं विषय वाचला. बिराप्पा उठला, पटका सारखा केला.

"मासळी कमी झाली ती माज्यामुळं," तो म्हणाला.

आवाज कापला नाही. त्यानं मग सगळं सांगितलं: चार बोटं, अंडी, म्हातारी मेंढी. कडं काढून दाखवलं. एक वर्ष द्या, म्हणाला. आणि एक वर्ष मासा निम्मा खायचा. दर बुधवारी दहा घरांऐवजी पाच.

"म्हंजी माजी पाळी दोन म्हैन्यानं?" मागून गुंडा ओरडला. गुंडा हा वाडीचा वायरमन. त्याचा बुधवार कधी चुकत नसे.

"तुजं वजन बगता सा म्हैन्यानं दिली तरी चालंल," कुणीतरी म्हणालं आणि हशा झाला.

आकाराम हसला नाही. "बिराप्पा, रागावू नगं. चूक तू केली, तीन वरसं केली. आता त्याच हातात चौथं वरीस द्यायचं? ठेकेदाराच्या तळ्यात मासा कमी पडला तर त्यो नवीन बी आणंल. तुजं बी कोण आणनार?"

प्रश्न रास्त होता. तेव्हा बायकांच्या बाजूनं रंगुबाई उठली. नवऱ्याची बाजू घ्यायची म्हणून नव्हे. आधी तिनं त्यालाच झाडलं.

"ह्यांनी चूक केली त्ये खरं. मला इच्यारलं असतं तर बाजारात थोरली लेकुरवाळी कोण इकतं का, म्हणून सांगितलं असतं. पर भावजी, मला येक सांगा. ठेकेदाराचा मासा टेम्पोत बसून जाणार. आमच्या कोरड्यासात काय पडणार, टेम्पोचा धूर? माज्या सुनंला बाळंतपणात दर आठ दिसाला मासा मिळाला. हिला मिळाला, तिला मिळाला. इकत आणायचा म्हणला तर आटपाडीला जावं लागतं, आन तितं बी बर्फातला. ह्यो मासा आमाला काय मागतो? खाद्य न्हाई, औषीद न्हाई. थोडं कमी खा म्हणतो. येवढंच."

बायकांतून माना हलल्या. आकारामनं खिशातून रुमाल काढून मान पुसली, बाजूच्या दोघांशी बोलला. शेवटी ठरलं ते असं: एक वर्ष. पुढच्या आषाढात तळ्यावर शेंदरी ठिपके दोनाहून जास्त दिसले तर तळं वाडीकडे. दोन किंवा त्याहून कमी दिसले, तर बिराप्पानं तोंड उघडायचं नाही, ठेका. तसा ठराव लिहिला गेला.

दसऱ्यानंतर वाडगं पाण्यात उभं राहिलं. पहिल्या बुधवारी पाच घरांना जेमतेम तीन मासे मिळाले, आणि गुंडानं आठवडाभर वाडीला ऐकवलं. मग बिराप्पानं दाराची जागा बदलली, पाणकणसाच्या बाजूला नेली, आणि पाचाला पाच मिळायला लागले. फोनवर तो मला वृत्तांत द्यायचा. एकदा त्यानं अर्धा तास सांगितलं की एक थोरली मरळ रोज सकाळी दारापाशी येते, डोकं लावून बघते, मागं सरते आणि उलट्या बाजूनं पुन्हा बघून जाते. "तिला बी कोडं पडलंय," म्हणाला. आवाजात इतकं सुख होतं की मी मधे बोलले नाही.

यंदाच्या आषाढात त्याचे फोन तुटक झाले. पहिला ठिपका दिसला. चार दिवसांनी दुसरा. मग तीन दिवस काही नाही. चौथ्या दिवशी त्यानं सांगितलं की उत्तरेच्या काठाला तिसरा आहे, पण आकाराम मानत नाही. ठिपका एका जागी राहत नाही. सकाळी इकडे असलेला दुपारी तिकडे जातो. तुझा तिसरा म्हणजे पहिलाच फिरून आलेला, असं आकारामचं म्हणणं. तीनही एका वेळी दिसले तरच तीन.

"त्याचं खरंच हाय," बिराप्पा म्हणाला. "फिरत्या मेंढरांची मोजणी येकट्यानं हुईत न्हाई."

आम्ही दुसऱ्याच सकाळी पोचलो. आभाळ भरलेलं होतं, पाऊस नव्हता, पाणी शांत. बिराप्पानं माणसं वाटून दिली. उत्तरेच्या काठाला तो स्वतः. पाणकणसापाशी आकाराम, कारण मोजणीवर विश्वास त्याचाच बसायला हवा. सांडव्यापाशी मी, कारण माझा आवाज तळ्याच्या पलीकडे पोचतो. भरावावर मधोमध ज्ञानदा, हातातल्या घड्याळाकडे बघत. पिल्लं हवा घ्यायला वर आली, पाणी उकळताना दिसलं, की "आलं" म्हणायचं. खाली गेली की "गेलं". तिघांचं "आलं" एकदम पडलं की झालं.

वाडीतले वीसपंचवीस लोक मागे बसले होते. गुंडाही होता. मी आयुष्यात पुष्कळ प्रवेश वाट बघत उभी राहून केले, पण पाण्याकडे बघत, ज्याला संवाद माहीत नाही अशा नटाची वाट कधी पाहिली नव्हती.

माझ्यासमोर प्रथम काही नव्हतं. मग पाण्याखाली लालसर सावली आली, पसरली, वर आली, आणि पाणी बारीक उकळलं. मी आवाज टाकला. "आलं."

उत्तरेकडून बिराप्पाचा आवाज आला. "आलं."

आकारामकडून काहीच नाही. माझी पिल्लं खाली गेली. मी "गेलं" म्हटलं. बिराप्पाही "गेलं" म्हणाला. मागे कुणीतरी खोकलं.

दुसऱ्यांदा माझी आली, आणि आकारामची आली, पण बिराप्पाची आली नव्हती. ज्ञानदानं हात हलवून नाही म्हणून सांगितलं. तिसऱ्यांदा बिराप्पा आणि आकाराम, मी रिकामी. असा तासभर गेला असेल. माझे पाय भरून आले. रंगुबाईनं खाली बसायला गोणपाट आणून दिलं आणि कानात म्हणाली, "हळू बोला, आवाजानं बुजत्यात असं ह्यांचं म्हणणं हाय." मग मी ओरडू कशी, ते तिनं सांगितलं नाही.

पुन्हा सावली आली. पाणी उकळलं.

"आलं," मी म्हणाले.

"आलं," उत्तरेकडून.

"आलं," आकाराम म्हणाला. मग थोडं थांबून, जसं स्वतःलाच बजावतोय तसं, "हाय. माज्याम्होरं हाय."

ज्ञानदानं दोन्ही हात वर केले. मागे बसलेल्यांत गलका झाला, गुंडानं शिट्टी मारली, आणि बिराप्पानं उत्तरेच्या काठावरून हात खाली करून सगळ्यांना गप्प केलं. तो भरावावरून चालत आला. माझ्याकडे नाही, आकारामकडे गेला. मीही गुडघे सावरत मागोमाग गेले.

आकाराम पाण्याच्या कडेला पुढे वाकून उभा होता. पायातल्या चपला ओल्या झाल्याचं त्याच्या लक्षात नव्हतं. शेंदरी पिल्लं त्याच्यापासून हाताच्या अंतरावर होती आणि त्यांच्या खाली एक लांब काळी पाठ सावकाश फिरत होती.

"शाळंच्या टाकीचं काय तरी दुसरं बगावं लागंल," तो म्हणाला.

"बगू. मी बी येतो पंचायत समितीला तुज्यासंगं."

आकाराम तिथंच उकिडवा बसला. "बिराप्पा, ही जी खाली फिरती हाय, ही आय म्हणायची का बाप?"

"त्येच मला अजून कळंना," बिराप्पा म्हणाला, आणि घोंगडी अंथरून त्याच्या शेजारी बसला. "हालू नगं. बगू."